माधवीला आठवतं ते

१२ जून
माधवी सापडली. इथून दोन तासांवर एरचला, बसस्टँडवरच्या बाकावर, तीन दिवसांनी. चहावाल्याने पर्समधलं बँकेचं ओळखपत्र पाहून फोन केला. स्वतःचं नाव सांगते, मला ओळखते, पण होळीनंतरचं काही म्हणजे काही आठवत नाही. गाडीत बसल्यावर विचारते, काका, बाबांजवळ कोण बसलंय?
तिचा बाप, माझा धाकटा भाऊ वसंता, नऊ तारखेला गेला. अग्नी मीच दिला. घरात माणसं जमत होती तेव्हाच पोर उठून निघून गेली, कुणाच्या ध्यानात आलं नाही.
मी म्हटलं, आहेत माणसं.

१३ जून
हिने तिला पोटाशी धरून सांगितलं. आमचे अश्रू आटलेत, तिचे बाबा आजच गेले. रडून झाल्यावर विचारलं, कसे गेले? मी होते का तिथे? वसंताच्या शेजारच्या भाभीने मला दाराआड खुणावलं. दद्दा, मोड़ी खों कछू न बतइयो. पोरीला काही सांगू नका म्हणे.

१५ जून
एमआरआय साफ. फिटचाही काही प्रकार नाही. डोक्याला मार नाही. डॉक्टर मॅडम वयाने माझ्या नातीएवढ्या, पण समजावून सांगतात. "बाबूजी, दिमाग में चोट नहीं है। जो देखा, वो सहा नहीं गया।"
चौतीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या, म्हणून विचारलं, लाइन शाबूत पण एक्सचेंज जोडून देत नाही, असं? हसल्या. असंच धरा म्हणाल्या. जबर धक्का बसला की अंगात जे रस सुटतात ते आठवण वर आणणारी वाटच अडवतात. त्याआधी महिनोन् महिने बापाच्या आजारपणाचा ताण, तो वेगळाच. ढोंग नव्हे, हट्ट नव्हे. येईल परत, तुकड्यातुकड्याने. ताकीद दिली: तुम्ही काही भरवू नका. रिकाम्या जागेत जे ठेवाल ते ती आपलं म्हणून ठेवून घेईल.
वसंताचं विसरणं निराळं. त्याची केबल आतून कुजत चालली होती, दर महिन्याला तारांची एक जोडी मेलेली. लेकीची केबल धडधाकट आहे.

१६ जून
इथे तरी लिहावं.
वसंता घराबाहेर पडला की खंडेराव गेटच्या गल्ल्यांत हरवायचा. म्हणून माधवी बँकेत जाताना बाहेरून कुलूप लावायची. एक वाजता मी माझ्याकडच्या किल्लीने उघडायचो, त्याला भरवायचो, ती येईपर्यंत बसायचो. दोन वर्षं हा नेम.
नऊ तारखेला गेलो नाही. पेन्शनरांची बैठक होती, मग कचोऱ्या आल्या, मग जुन्या गप्पा. वसंता डोक्यातून साफ गेला. किल्ली खिशात. सकाळी दहापासून त्या गल्लीत वीज नव्हती, बाहेर उन्हाची आग पेटलेली. सहाला माधवीने कुलूप उघडलं. तो दाराशीच पडलेला. नखांत दाराचा हिरवा रंग.
मी गेलो नव्हतो हे फक्त हिला ठाऊक आहे. आणि मला.

२१ जून
तेरावा. पंगत उठल्यावर माधवी माझ्याजवळ येऊन बसली. "काका, माझ्या हातचं पाणी तरी मिळालं का हो बाबांना?"
मिळालं की, म्हटलं. तूच पाजलंस. मी शेजारीच होतो.
तोंडून निघून गेलं. डॉक्टरांचं सांगणं पाठ होतं तरी. पोर त्यानंतर जेवली, किती दिवसांनी. पण "मी शेजारीच होतो" हे कशाला जोडलं? ते काही तिच्यासाठी नव्हतं.

४ जुलै
आज तीच मला सांगत होती. फुलपात्र, त्यात तुळशीचं पान, बाबांची मान तिच्या मांडीवर. घोट उतरला, काका, मी पाहिला.
मी फुलपात्र म्हटलं नव्हतं. पानही नाही. त्यांची तुळस तर शिमग्याआधीच वाळली होती.

११ जुलै
डॉक्टर मॅडम खूश. आठवण उघडतेय म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाबूजी, ऐसा ही हुआ था न?"
मी चष्मा पुसला. हाँ जी.

१२ जुलै
हिच्याशी बोललो. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, पोरगी दोन घास खायला लागली, कामावर जायचं म्हणतेय, आणि तुम्हाला आताच हरिश्चंद्र व्हायची घाई? मी म्हटलं, डॉक्टरांशी खोटं बोललो. ती म्हणाली, ते तुमच्या जिवासाठी टोचतंय, तिच्या नाही. खरं असेल. पण मग गप्प बसलो तेही कुणाच्या जिवासाठी?

१९ जुलै
माधवीला घराला कुलूप लावता येत नाही. भाभीला हाक मारून लावून घेते.
संध्याकाळी आली. "मला वेड लागतंय का, काका? पाणी पाजलेलं आठवतं. आणि बाहेरून कुलूप उघडलेलंही आठवतं. तुम्ही आत होतात, तर कुलूप कसं?"
मी दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंदच होता.

२२ जुलै
एकटाच गेलो डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, एक आठवण आतून येतेय, एक तुम्ही दिलीत, दोन्ही भांडतायत. मध्ये ती स्वतःलाच वेडी ठरवून बसेल. परवा घेऊन या. सांगायचं तुम्ही, मी बसते. "पूरा बताइएगा। अपना वाला भी।"

२४ जुलै
सांगितलं. किल्लीचंही, कचोऱ्यांचंही.
रडली नाही. बैठक किती वाजता संपली, विचारलं. साडेचार. बँकेत आकडा पडताळावा तशी मान हलवली. डॉक्टर हळूहळू काही बोलत होत्या, ऐकत होती असं वाटलं.
येताना ई-रिक्शात समोरच्या सीटवर बसली. माणिक चौकात उतरली, पण गेली नाही, दांडीला धरून उभी राहिली. "घोट उतरलेला मला अजून दिसतो, काका. तो मी काय करू?"
ती गर्दीत शिरली.
घरी पोचली की फोन करते. पावणेसात झाले. दोनदा लावला, नुसता वाजतोय. ही म्हणते, दम धरा, तिला जरा एकटं राहू द्या.
निघतो. आधी तिच्या घरी, नाहीतर बसस्टँडवर.