खिडकीकडची भिंत

पोलादपूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज आपाशी चढ्या आवाजात बोललो. थोरल्या बहिणीशी असं बोलायची माझी रीत नाही, पण दुसरं काय करणार होतो?

तिचा शिवणवर्ग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरतो. तिथल्या जमिनीचा स्लॅब एकसंध ओतलेला नाही. कारखान्यातून आणलेल्या काँक्रीटच्या फळ्या नुसत्या शेजारी शेजारी टाकल्यात. भूकंपात प्रत्येक फळी आपापली हलणार. म्हणून वर सळ्यांची जाळी अंथरून काँक्रीटचा थर द्यायचा आणि सगळी जमीन चारी भिंतींना बांधून टाकायची, हे माझं काम. आज थर ओतायचा होता, आणि खिडकीकडच्या भिंतीत जमीन बांधायच्या सळ्या मजुरांनी बसवल्याच नव्हत्या. मी काम थांबवलं.

"सोमवारी बायका येणार हायत. लग्नाचे कपडे अडलेत," आपा म्हणाली. "एका भिंतीनं काय होतंय?"

"धक्का बसला तर जमीन तिथंच सुटेल. आणि उजेडासाठी तुझ्या बायका तिथंच बसतात."

ती निघून गेली. मी जास्तच बोललो का? दिवसभर डोक्यात तीच भिंत.

घरी आलो तर माझ्या खोलीत शिलाई मशिनी ओळीनं मांडलेल्या.

"तुझं होईस्तवर वर्ग इथं भरेल," आपा म्हणाली. "घाई करू नको रे. तू पडवीत झोप."

पडवीत डास फार, म्हणून तिनं स्वतःची मच्छरदाणी सोडून मला बांधून दिली आहे.