दातांनी ऐकलेलं

१४ मार्च, सोमवार
दुपारच्या सुट्टीत

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण पंपघराच्या फरशीवर तेल सांडलंय आणि अंगावर आजच धुतलेला गणवेश आहे, तेव्हा उभ्यानेच घ्या. मी खुशाल आहे. आईची कंबर कशी आहे? तुमचा खोकला? झाली विचारपूस. आता बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल.

बाबा, शनिवारी मी जिंकले!

फोनवरच ओरडून सांगणार होते. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि लगेच आईकडे देता. दीड वर्षात तुमची सगळी मिळून सात-आठ "हं" माझ्या वाट्याला आली असतील. म्हणून पत्र. कागद काही आईकडे देऊन सुटता येणार नाही.

तर नीट सांगते. "आधी काय दिसलं ते सांग, अक्कल नंतर," असं तुम्ही आपल्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये म्हणायचात ना, तसंच. इथे एका लांब लोखंडी बैठकीवर चार पंप ओळीने बसवलेत. त्यांच्यावर निम्म्या शहराचं पाणी आहे. एक बंद ठेवला तरी भागतं, दोन बंद पडले की नळ कोरडे. गुरुवारपासून तीन नंबर थरथरायला लागला. आमच्यात सगळ्यात जुने ते मोठे फिटर, पस्तीस वर्षं इथेच घालवलेली. त्यांनी थरथर मोजायचं यंत्र लावलं, काटा पार वर. झालं! सगळे पाने घेऊन तीन नंबर उघडायला निघाले.

आणि मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "तीन नाही. दोन नंबरचं मागचं बेअरिंग गेलंय. तीन नुसता त्याच्या धक्क्यानं हलतोय."

मोठे फिटर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे यंत्र खोटं, मी खोटा, आणि काल आलेली पोर खरी?"

"काल नाही, दीड वर्ष झालं," मी म्हटलं. (तोंडाळ आहेच मी. तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही, एवढंच.)

"ठीक आहे. तू म्हणतेस तो बंद केला आणि तिकडे तीन बसला, तर लोकांना पाणी कोण देणार? तू बादल्या घेऊन घरोघर फिरणार?"

बादल्या म्हटल्यावर मला आपल्या गावचा ओढा दिसला. का ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याबद्दल लिहिते, पण आधी हे पुरं करू द्या. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "दोनच उघडा."

दोन बंद केला, आणि बाबा, तीन नंबर असा गप्प झाला, पोटभर दूध प्यायलेलं वासरूच! मागचं कव्हर काढलं तर बेअरिंगची जाळी दोन ठिकाणी तडकलेली, छर्रे तापून निळे पडलेले. आणखी एक दिवस चालला असता तर शाफ्टच गेला असता. मी सगळ्यांदेखत उडी मारली. मोठ्या फिटरांनी तडकलेल्या जाळीवरून बोट फिरवलं. मग ते बेअरिंग त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

आज सकाळी साहेबांचा कागद आला. एकवीस तारखेपासून दोन दिवस चारही पंपांची वार्षिक तपासणी आहे, आणि ती माझ्या हाताखाली. मोठे फिटरसुद्धा माझ्या हाताखाली! ते म्हणाले, "बाई, हुकूम करा." मला हसू आवरेना.

आता तुम्ही विचाराल, कळलं कसं? हसू नका हं. दातांनी.

झालं असं, की पावसाळ्यात एकदा दोन्ही हातांत पाने होते म्हणून पेचकसाची मूठ दातांत धरली होती. वाकले आणि टोक चालत्या पंपाला टेकलं. एकदम डोक्यात आवाज झाला, आत कुणीतरी वाळू चावतंय असा! मी दचकून मागे आले. पुन्हा टेकवलं, पुन्हा वाळू. त्या दिवसापासून मी पंप चावून बघते. इथली मंडळी मला "दातांची डॉक्टर" म्हणतात. आईला सांगू नका, पेचकस तोंडात घालते म्हटल्यावर ती जेवणार नाही.

मग मी खऱ्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी माझे कान फुटायचे, आठवतं? त्यात दोन्ही कानांचे पडदे खराब झालेत. बोलणं कळतं, बारीक आवाज कळत नाहीत. दातांतून आवाज हाडावाटे आत जातो, म्हणून तो मला मिळतो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठे येतेय ते.

तुम्ही पेचकसाचं टोक पंपावर ठेवायचात, मूठ माझ्या कानाला लावायचात आणि विचारायचात, "ऐकू येतंय का? आत काही आहे?" बाबा, मला कधीच काही ऐकू आलं नाही. नुसती घरघर. मी तुमच्या भुवईकडे बघायचे. भुवई वर असली की "आहे" म्हणायचे, खाली असली की "साफ आहे." बहुतेक वेळा जमून जायचं. तुम्ही म्हणायचात, "पुढचा घे." मला तेवढंही पुरायचं, दिवसभर मी हवेत असायचे.

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा पंप तुम्ही दुरुस्त केलात, तेव्हाही विचारलंत. तुमच्या भुवईवरून काही कळेना. मी म्हटलं, "साफ आहे, बाबा." सकाळी पंप जळला. नऊ दिवस अख्खं गाव ओढ्यावरून बादल्या वाहत होतं. आईसुद्धा. आणि तुम्ही विहिरीपाशी सगळ्यांसमोर म्हणालात, "चूक माझी." मला एक शब्द बोलला नाहीत. फक्त, "उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही, शाळेकडे बघ."

दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. आठ वर्षं मी हे गिळून बसलेय. मी खोटं बोलले होते, बाबा. घाबरून. तुम्हाला आवडावं म्हणून.

आता मला खरंच ऐकू येतं. एकवीसला या. माझ्या शेजारी उभे राहा, चारही पंप मी तपासते. मग काय वाटेल ते बोला, वाईट असलं तरी बोला. फक्त "हं" नको.

फाटकाकडे डोळे लावून बसलेली,
तुमची मुलगी


१८ मार्च

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आई वाचून दाखवत होती. मी तिच्या हातून घेतलं आणि शेडमध्ये बसून स्वतः वाचलं. दोनदा.

पत्रात चुका आहेत. नव्या बेअरिंगला ग्रीस कोणतं भरलं ते लिहिलं नाहीस. एका पंपाचा धक्का दुसऱ्याला जातो म्हणजे बैठकीचे बोल्ट ढिले असणार. तेही नाही. बघून घे.

आता त्या उन्हाळ्याचं. तू खोटं बोललीस ते वाईट केलंस. पण इंजिनांच्या आवाजात माझे कान त्याच्या दोन वर्षं आधीच गेले होते. माणूस समोर असला तर ओठांवरून कळतं. पंपाचं काही कळत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. बहिऱ्याकडे पंप कोण आणणार? तुला विचारायचो ती परीक्षा नव्हती. मला ऐकू येत नव्हतं म्हणून विचारायचो. तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, मी तुझ्या. दोघांत मिळून एक कान धड नव्हता. चूक माझी म्हणालो, कारण ती होती.

शेडमध्ये येऊ नको म्हटलं, ते तुझेही कान जायला नकोत म्हणून. ते आधीच गेलेले, हे बापाला कळायला हवं होतं. कळलं नाही.

फोनवर तू काय बोलतेस ते मला उमजत नाही. तू बोलतेस एवढं कळतं. म्हणून हं म्हणतो.

दात माझे सगळे शाबूत आहेत. एकवीसला पहिल्या गाडीने येतो. शेडवर पाटी लावली आहे, अक्षर आईनं काढलं, मजकूर मी सांगितला: "एकवीस-बावीस तारखेला बंद. मुलीकडे काम शिकायला जाणार आहे."

सकाळपासून गावातले लोक थांबून वाचताहेत. वाचू देत.

बाबा