वाऱ्यानं नेलेलं लुगडं

आई, तुझ्या हातची गोधडी गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात आली. माझं दुकान आहे, हे तुला कुठं ठाऊक! कळंबला, हायवेला लागून. लांबलचक रुळांवर गोधडी ताणून बसवायची आणि मशीनचं डोकं तिच्यावरून पळवायचं. तू ज्यात अख्खा उन्हाळा घालवायचीस ते काम दुपारच्या चहाआधी उरकतं. तू पायलीभर नाचणीवर शिवून द्यायचीस, मी फुटावर भाव लावते. आत काय भरायचं त्याचा भाव वेगळा. कापसाची ऊब चांगली, पण टाके जवळजवळ घ्यावे लागतात, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. पॉलिस्टर हलकं, स्वस्त, लगेच वाळतं, पण घाम सुटतो. कुणी जुनी कापडं भरायला आणली तर मी आधीच बजावते, बाई, सुई मोडली तर तुमच्या माथी. बायका हसतात, पण कबूल होतात.

गोधडी घेऊन आली ती आपल्या वाडीतल्या शेजारच्या काकींची मुलगी. चाकणला कंपनीत असते. काकी अंथरुणाला खिळल्यात, छातीवर एवढं ओझं सोसत नाही, श्वास लागतो. आणि दुसरं काही पांघरलं की पायानं लोटून देतात. "ताई, वरचं कापड तेवढं ठेवा, आतलं सगळं काढून टाका आणि पॉलिस्टर भरा," ती म्हणाली. मी हो म्हणून बसले, मग कोपरा उलटून पाहिला. दोरा न तोडता वेढा घेऊन वळलेला टाका. अगं, त्या वळणासाठी तू मला किती वेळा उसवायला लावलंस! "कोपऱ्याला घाई केली का झोल मधी जातोय. उसव." मी रडतेय, तू वर बघतही नाहीस, दातानं दोरा तोडतेस. आणि आता तुझाच टाका मी उसवायचा. माझा हातच चालेना.

शेवटी उसवला. आत काकींच्या घरचंच जुनं धोतर, सदरे, पोत्याचा तुकडा, आणि सगळ्याच्या मधे हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. तुझं लुगडं. या लुगड्यावरून आजीनं केवढं घर डोक्यावर घेतलं होतं! तू मान खाली घालून भाकरी थापतेयस, म्हणतेयस, "बांधावर वाळत घातलं व्हतं, वाऱ्यानं नेलं." मग कितीतरी वर्षं घरात काही सापडेना झालं की आम्ही म्हणायचो, वाऱ्यानं नेलं. तूही हसायचीस. लबाड कुठली!

मी फोन लावला. मुलीनं तो काकींच्या कानाला धरला. "व्हय बाय," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "ही माझी पोर तान्ही व्हती तवा. कुडाचं घर, थंडी लई, अन् गोधडीला कापड कमी पडलं. तुझ्या आईनं आपलं घातलं. म्हणली, बाळंतिणीला गारठा बाधंल. कुणाला सांगू नगं म्हणली." मग दम खाऊन म्हणाल्या, "तुला पायजे तर ठिव. तुझ्या आईचं हाय. मला कायबी घाल, फकस्त ते पॉलिस्टर नगं, अंगाला चिकाटतं."

खरं सांगू? आधी मला तुझा रागच आला. त्या थंडीत आम्ही भावंडं पोतं पांघरून निजत होतो. आम्हाला गारठा बाधत नव्हता होय? आणि तू गेलीस तेव्हा मी नववीत. आत्यानं तुझी लुगडी वाटून टाकली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुझी म्हणून माझ्याजवळ एक चिंधी नाही. ते लुगडं मी गल्ल्याखाली दडपून ठेवलं, आणि दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसत राहिले. त्याच्या जागी घालायला पातळ कापूस मापानं कापूनही ठेवला. काकींनी स्वतः दिलं होतं, मला कोण बोल लावणार होतं? पण काकी तिकडं श्वासाला धडपडतायत, आणि त्यांच्या छातीला सोसेल इतकं विरलेलं, मऊ असं त्या गोधडीत तेवढंच होतं. तू त्यांच्या अंगावर घातलंस ते मी कशी काढून घेऊ? कापूस परत फळीवर गेला. बाकीचं सगळं काढलं आणि तुझं लुगडं एकटंच आत ठेवलं. मशीनवरच शिवलं गं, कोपरे तेवढे हातानं वळवले. काल मुलगी घेऊन गेली. आज तिचा फोन आला, काकी पांघरून झोपल्यात, लोटत नाहीयेत.

हे पत्र काही कुठं टाकायचं नाही. तुला वाचताही येत नव्हतं. म्हणूनच एवढं लिहिते. शिवायला घ्यायच्या आधी, भर दुपारी, मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि ते लुगडं डोक्यावरून घेऊन तिथंच फरशीवर आडवी झाले. तुझा वास शोधत होते. वास काकींच्या चुलीचा होता. तरी मला उठवेना.