व्रोत्स्वाफच्या पत्राला दिलेले उत्तर

मी, श्रीराम दत्तात्रय उकिडवे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त प्राध्यापक, मूळचा मिरजेचा, गेली एकोणतीस वर्षे चंदीगडचा रहिवासी, सेक्टर ३४ मधील माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी काल दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. १९८१ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात मी माझ्या एकुलत्या एका मुलीला, लीनाला, वगळले होते.

कलम १. माझा पुतण्या मेजर जयंत उकिडवे याची इथल्या कॅन्टोन्मेंटमध्ये बदली झाल्यापासून तो दर रविवारी येतो आणि या घराच्या भिंती न्याहाळतो. त्याला बाहेरच्या खोलीतला सोफासेट द्यावा. घरावर त्याचा कोणताही हक्क नाही. “काका, त्या सरदारजींकडे घराची किल्ली ठेवू नका, दिवस वाईट आहेत,” असे तो मला माझ्या पत्नीच्या तेराव्याला म्हणाला होता. सरदारजी तेव्हा शेजारच्या खोलीत पाहुण्यांसाठी पाणी भरत होते. त्यांना मराठी येत नाही, पण ‘सरदारजी’ आणि ‘किल्ली’ समजायला मराठी लागत नाही. मी त्या वेळी गप्प बसलो. सोफासेट घेऊन जाताना जयंतने एवढे आठवावे.

कलम २. ते शेजारी म्हणजे सरदार हरबन्ससिंग, रेल्वेतून निवृत्त. त्यांना मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो आणि माझा शॉर्टवेव्ह रेडिओ त्यांना देतो. १९८७ च्या उन्हाळ्यात माझी पत्नी प्रभावती पतियाळाहून परत येत होती. वाटेत खलिस्तानी बंदूकवाल्यांनी बस अडवली आणि आतल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. ओळख पटवायला मला स्कूटरवर बसवून हरबन्ससिंग घेऊन गेले. रस्त्यात चार ठिकाणी पोलिसांनी थांबवून त्यांचीच झडती घेतली. चारही वेळा ते हात वर करून उभे राहिले आणि मला म्हणाले, “प्रोफेसर साब, आप बैठे रहिए.”

लीनाला मी तार केली नाही. ती १९७९ साली जर्मन भाषा शिकायला लायप्झिगला गेली आणि तिथे मारेक नावाच्या पोलिश इंजिनिअरशी लग्न करून पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला, स्थायिक झाली. जिथे खऱ्या निवडणुका होत नाहीत त्या देशात मुलगी द्यायची नाही, असे मी तत्त्व म्हणून सांगितले होते. खरे कारण, तिने मला विचारले नव्हते. प्रभावती तिला चोरून पत्रे लिहायची. आई गेल्याचे मी साध्या टपालाने कळवले. ते पत्र तिला सहा आठवड्यांनी मिळाले. त्यानंतर अडीच वर्षे तिची एक ओळ आली नाही.

कलम ३. माझी पुस्तके, टिपणे आणि ‘निवडणुका व सरहद्दी’ या अपूर्ण ग्रंथाचे हस्तलिखित. पुस्तके कॉलेजला द्यावीत. हस्तलिखित जाळावे. कारण नोंदवून ठेवतो.

मी तीस वर्षे युरोपचे राजकारण शिकवले. महायुद्धानंतर जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख पोलंडला मिळाला, तिथल्या जर्मनांना हाकलले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत आणखी पूर्वेकडून हाकललेले पोलिश लोक येऊन राहिले. व्रोत्स्वाफ हे असेच शहर. मारेकची आई यानिना १९४५ साली एक ट्रंक घेऊन तिथे आली होती. या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लीनाचे पत्र आले:

“बाबा, पूर्व जर्मनीत मार्चमध्ये पहिली खुली निवडणूक आहे. त्यानंतर दोन्ही जर्मनी एक होतील आणि लोक आपली जुनी घरं मागायला येतील, असं इथे सगळे म्हणतात. परवा एक म्हातारा जर्मन आमच्या खिडक्यांचे फोटो काढत होता. सासूबाईंना झोप येत नाही. तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत. आम्ही इथे राहावं का?”

ते पत्र मी आमच्या विभागात नेऊन वाचून दाखवले. माझ्या जागेवर आलेले प्रा. नरेश खोसला यांच्याशी माझे कधी पटले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “उकिडवे जी, लिख दीजिए कि पता नहीं.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“पंजाबमध्ये पुढच्या महिन्यात काय होईल ते आपल्याला सांगता येत नाही. तीन वर्षं होत आली, इथे विधानसभा नाही. आणि तुम्ही बर्लिनचं सांगणार?”

मी त्यांना आळशी म्हणालो. घरी येऊन अकरा पाने लिहिली. उजव्या आघाडीची सरशी झाली तर एकीकरण घाईने होईल, पोलंडची सरहद्द पुन्हा वादात ओढली जाईल, घरांवर दावे लागतील. तसा निकाल लागताच पूर्वेकडे सरका, असा सल्ला दिला. तळटीपाही दिल्या. अकरा पानांत ‘तू कशी आहेस’ हे विचारायचे राहून गेले.

१९ मार्चला रेडिओवर निकाल ऐकला. सगळ्यांचे अंदाज चुकवून उजवी आघाडी जिंकली होती. चार दिवसांनी लीनाची तार आली: तुम्ही म्हणालात तसंच झालं, निघतो आहोत. ती तार मी खिशात घालून विभागात गेलो आणि खोसलांच्या टेबलावर ठेवली. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे, हे कबूल करतो.

त्यांनी व्रोत्स्वाफचा दोन खोल्यांचा फ्लॅट देऊन पूर्व पोलंडमधल्या लुब्लिनला एक खोली अदलाबदलीत घेतली. मारेकने कारखाना सोडला. नव्या गावी त्याला काम मिळाले नाही. यानिना म्हणत होत्या, एकदा उठले ते पुरे झाले, मला इथेच राहू द्या. तरी त्यांना नेले. ऑगस्टमध्ये त्याच खोलीत त्या वारल्या. त्याआधी जूनमध्येच दोन्ही जर्मन संसदांनी पोलंडची सरहद्द आहे तशी मान्य असल्याचा ठराव केला होता. १४ नोव्हेंबरला वॉर्सात करारावर सह्या झाल्या. व्रोत्स्वाफमधून कोणालाही उठावे लागले नाही. माझी माणसे तेवढी उठली.

कलम ४. कराराची बातमी ऐकल्यावर मी लुब्लिनला त्यांच्या शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावला. दोन दिवसांनी लागला. मी म्हणालो, “लीना, माझं चुकलं. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून...”

“बाबा, माहिती राहू द्या,” ती म्हणाली. “तीन खोल्यांच्या घरात तुम्ही एकटे आहात. मला वाटलं होतं, तुम्ही लिहाल, सगळे इकडे या. मी पाकीट फोडून आधी शेवटचं पान वाचलं.”

“मग आता या. तिघेही...” मला यानिनांची आठवण उशिरा झाली.

“आता मारेक नाही म्हणतो. म्हणतो, मोठ्या माणसांच्या सांगण्यावरून पुन्हा हलायचं नाही.” आणि वेळ संपल्यामुळे फोन तुटला.

सबब सेक्टर ३४ मधील हे घर, त्यातील भांडीकुंडी आणि प्रभावतीच्या बांगड्यांसह, मी माझी मुलगी लीना हिला पूर्णपणे व विनाअट देतो. ती भारतीय नागरिक आहे, पासपोर्ट तिने बदललेला नाही. तिने इथे राहावे, घर विकावे की कुलूप लावून ठेवावे, याबद्दल मी कोणतेही मत देत नाही. जयंतने तिला सल्ला देऊ नये.

कलम ५. प्रा. खोसला यांना मी काही देत नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष कायद्याला चालत नाही, आणि मला त्यांची सही हवी आहे. आज हा मजकूर मी त्यांना हिंदीत वाचून दाखवला. ते म्हणाले, “मेरी बेटी ने मुझसे कभी कुछ पूछा ही नहीं,” आणि त्यांनी पेन मागितले.

हे लिहिले ते मला मान्य आहे; खाली दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करीत आहे.

(सही) श्रीराम दत्तात्रय उकिडवे

साक्षीदार:
१. (सही) नरेश खोसला, प्राध्यापक
२. (सही) डॉ. वंदना भल्ला, वैद्यकीय व्यावसायिक

स्थळ: चंदीगड
दिनांक: १७ डिसेंबर १९९०