गळ्यातली निळी दोरी

९ नोव्हेंबर
चार महिन्यांनी वही उघडली. इतके दिवस लिहिलं नाही, चूक झाली. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. स्वतःसमोर बसायचं धैर्य नव्हतं.
आज बरं वाटतंय. आमची ग्रामपंचायत, खाडीपलीकडची आणि डोंगराकडची, तिन्हींची एकत्र सभा. भटक्या कुत्र्यांसाठी निवारा शेड, खर्च तिन्हींनी मिळून. सदस्य झाल्यापासून याच एका गोष्टीमागे लागले आहे. कोणी किती द्यायचे यावर दोन तास भांडण. शेवटी मी उठले. ज्या गावात भटके कुत्रे जास्त, त्याचा वाटा जास्त. मोजणी करू.
"भटका कुठला, कसं ठरवणार?" कोणीतरी विचारलं.
म्हटलं, ज्याच्या गळ्यात पट्टा किंवा दोरी नाही तो.
आमचे सरपंच नाना म्हणाले, "मॅडम बीएस्सी आहेत. आता कुत्र्यांची पण हजेरी घेणार." सगळे हसले, मंजूर झालं. मला अभिमान वाटला. लिहून ठेवते, वाटला.
बर्फ कारखान्यामागे पांढरी कुत्री व्याली आहे. चार पिल्लं. मी जाता-येता भाकरी टाकते. ही तरी शेडमध्ये वाढतील.

१६ नोव्हेंबर
मोजणी. लबाडी नको म्हणून एकमेकांची गावं मोजायची; हीसुद्धा माझीच सूचना. मी खाडीपलीकडे. जेट्टीवर, देवळामागे, जो कुत्रा दिसेल त्याच्या गळ्यात दोरी. फाटक्या जाळ्याची, निळी, नायलॉनची. काहींना साडीचे काठ.
बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, हा तुमचा?
"व्हय बाय, आमचाच हाय."
"नाव काय याचं?"
"सकालीच त दोरी बांधली. नाव ठेवाला टाइम नाय गावला."
हसू आलं. तिथेच मोजणी थांबवायला हवी होती. तक्त्यात 'पाळीव' लिहिलं.

१७ नोव्हेंबर
आमच्या गावातही तेच. पांढरीच्या पिल्लांनासुद्धा, डोळे आत्ता कुठे उघडलेत त्यांचे. नानांशी भांडले.
"त्यांनी बांधल्या, मग आपण काय दूधखुळे आहोत?"
पण खरं असं की परवा आमचा शिपाई गजानन दोरीचं भेंडोळं घेऊन जाताना मला दिसला होता. मी विचारलं नाही. मान वळवून पुढे गेले.
संध्याकाळी तो पाळीव कुत्र्यांच्या नोंदवहीवर सदस्य म्हणून माझ्या सह्या घ्यायला आला. रागाच्या भरात सगळ्या पानांवर केल्या. वाचलं काहीच नाही.

२ डिसेंबर
पंचायत समितीकडून प्रस्ताव परत. तीन गावांत मिळून भटके कुत्रे सात. सातांसाठी शेड कशाला?
नानांनी पेढे वाटले नाहीत एवढंच. म्हटलं, आता निदान दोऱ्या तरी काढा.
"काढल्या तर परत भटके होतील, मॅडम. पुन्हा मोजता का?"
हाताला लागलेल्या चार-पाच कुत्र्यांच्या दोऱ्या मीच कापल्या. पिल्लं खारफुटीत पळाली. पुन्हा कधीतरी.

११ फेब्रुवारी
पिल्लं वाढली. नायलॉन वाढत नाही.
मधे भाचीचं लग्न, मग घरातली आजारपणं. विसरले, असं लिहिणार होते. विसरले नव्हते. सोडून दिलं होतं.
चारांतली दोन उरली. एकाच्या गळ्यात दोरी मांसात रुतली आहे. वास येतो. जवळ गेले की गुरगुरतो आणि शेपूटही हलवतो, दोन्ही एकदम.
पशुवैद्यांना फोन केला. म्हणाले, भूल देऊन काढावी लागेल. पण नोंद पाळीव अशी आहे, तर मालकाची सही लागेल आणि कुत्रा मालकानेच धरायचा. मालक कोण ते बघायला ग्रामपंचायतीत गेले. गजाननने नोंदवही काढली, पान उघडलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. पांढरीची चारही पिल्लं माझ्या नावावर.
"तुम्हीच खायला घालता ना, मॅडम. मला वाटलं, चालेल."
खाली माझी सही. स्वच्छ, वाचता येईल अशी.
डॉक्टर परवा येणार. तोवर तो कुत्रा माझ्या हाताशी येईल का, माहीत नाही. त्याने का यावं, तेही.

उद्या: सुके बोंबील घेऊन बर्फ कारखान्यामागे एकटीने जाऊन बसणे.