खरं, खोटं, दिलेलं नाही

४ जून
ऑपरेशन थिएटरची चेंजिंग रूम, दुपारची सुट्टी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

उत्तर घरी पाठवू नकोस, पाकिटामागे हॉस्पिटलचा पत्ता घातलाय तिथे पाठव. फोनही नको. आपल्या घरात फोन आधी बारकी उचलते, मग तुझा दादा बोलतो आणि उरलंसुरलं माझ्या कानाला लागतं. चौदा वर्षांच्या लेकीपुढे आणि तिच्या बापापुढे जे बोलता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

मी ती इंग्रजीची परीक्षा दिली. मार्चमध्ये. सपशेल आपटले. चारही भागांत नऊपैकी सात हवे होते. लिहिण्यात आणि बोलण्यात मिळाले (हसू नकोस, खरंच मिळाले), पण ऐकण्यात साडेसहा आले आणि वाचण्यात सहा. तुमच्या तिकडच्या हॉस्पिटलने मला नोकरीचं पत्र दिलंय, ते सप्टेंबरअखेरपर्यंतच चालेल. म्हणजे ऑगस्टची एकच परीक्षा हाताशी आहे. आधी मी एकटी यायचं, वर्षभराने बारकीची शाळेची मोठी परीक्षा आटोपली की हे आणि ती, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे माझं माझ्याशी. यांना मी सांगितलंय की बढतीसाठी हॉस्पिटलची परीक्षा आहे. तू परदेशी गेलीस तेव्हा हा माणूस महिनाभर कोणाशी धड बोलला नव्हता. मला यांचं उत्तर ठाऊक आहे, ते 'नाही' असणार. म्हणून निकाल हातात येईपर्यंत विचारायचंच नाही.

आता मुख्य दुखणं ऐक. एकोणीस वर्षं मी मास्कमागे पुटपुटणाऱ्या सर्जनांच्या हाताखाली काढली. कात्री मागितली आणि चिमटा दिला असं एकदाही झालं नाही. आणि तीच मी, टेपमधल्या स्वच्छ आवाजातल्या बाईने लायब्ररीचं कार्ड काढताना सांगितलेला घरनंबर चुकते. वाचण्यात तर त्याहून कमाल. सरावाच्या पेपरात हात धुण्यावर उतारा होता. खाली वाक्य होतं की नर्स डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा हात धुतात, आणि ते खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलं नाही ते लिहायचं होतं. मी डोळे झाकून 'खरं' लिहिलं. उत्तर निघालं 'दिलेलं नाही'. अगं, दिलेलं नसेल, पण खरं तर आहे ना! कुठल्याही थिएटरमध्ये जाऊन बघा म्हणावं.

दोन अक्षरं शहाणपणाची लिहून धाड. लोभ आहेच, त्यात थोडी शिकवणी मिसळावी ही विनंती.

तुझी,
वहिनी


१६ जून

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र औषधांच्या खोक्यावर बसून वाचलं आणि दोन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं. आपटलीस याचं वाईट वाटलं, मला न सांगता आपटलीस याचं जास्त. माझंही पहिल्या वेळी तेच झालं होतं. तुम्हा सगळ्यांना मी परीक्षेची तारीख पुढे गेली म्हणून सांगितलं होतं, आठवतं? गेली नव्हती. मी गेले होते, आणि हात हलवत परत आले होते.

तुझा रोग मला कळला. रागावू नकोस, पण तू ऐकतच नाहीस, तू ओळखतेस. सर्जनने हात पुढे करायच्या आत तुझी कात्री तयार असते. थिएटरमध्ये त्याबद्दल शाबासकी मिळते, परीक्षेत नेमका तिथेच घात होतो. ती बाई आधी मंगळवार म्हणते, मग थांबते आणि गुरुवार म्हणते. तोवर तुझा मंगळवार लिहून झालेला असतो. वाक्य पुरं झाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. आणि प्रश्नातला शब्द टेपमध्ये येईल म्हणून वाट बघू नकोस, तो यायचा नाही. प्रश्नात 'स्वस्त' असेल तर बोलणारा म्हणेल की खिशाला झळ बसली नाही. उत्तर नेहमी दुसऱ्या शब्दांत येतं. एखादं सुटलं तर सुटलं. टेप एकदाच लागते. गेलेल्यासाठी हळहळत बसलीस तर पुढची तीनही जातील.

वाचताना तुझं एकोणीस वर्षांचं ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेव. उताऱ्यात आहे तेवढंच आहे. उतारा गप्प असेल तर आपणही गप्प बसायचं.

दादाचं तू बघ. तो मुळातच घुम्या. लहानपणी त्याच्याकडून एक वाक्य काढून घ्यायला मला दिवसभर मागे लागावं लागायचं. बारकीला गोड पापा, तुला धाक.

तुझी वन्सं, म्हणजे आता शिकवणीच्या बाई,
धाकटी


९ जुलै
चेंजिंग रूम, केस उशिरा सुरू होणार म्हणून

प्रिय बाई,
स. न. वि. वि.

सरावाच्या पेपरात ऐकण्यात चाळीसपैकी चौतीस! वाचण्यात एकतीस! तुझ्या वहिनीला कमी लेखायचं काम नाही. मी आता पेन कानावर ठेवते आणि वाक्य संपलं की काढते. परवा थिएटरमध्येही तसंच करायला गेले. सर्जनने हात पुढे केला आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. त्यांनी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

अभ्यासात अडथळा एकच, तुझा दादा. मी स्वयंपाकघराचं दार लोटून बसते. इअरफोनने राम म्हटल्यामुळे टेप मोठ्यानेच लावावी लागते. बाहेर यांची खुडबूड चालू. एका रविवारी लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून लिफ्टच्या दाराला लावतात तसलं रबर आणून स्वयंपाकघराच्या दाराला खालून वरून ठोकलं. म्हणे रस्त्याचा आवाज आत येतो. तासभर ठोकाठोकी, माझा एक अख्खा उतारा पाण्यात. जेवताना विचारतात की त्या बाईला लायब्ररीचं कार्ड मिळालं का एकदाचं, आठ दिवस पत्ता सांगतेय बिचारी. मंगळवारी आणि शुक्रवारी स्वयंपाक मी करणार म्हणून जाहीर केलंय. पहिल्या दिवशी भाजी करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली, बारकी आता मधल्या दिवसाची वाट बघतेय. कपड्यांच्या मशीनचं कुठलं बटण कशाचं ते पाटीवर लिहून चिकटवलं. परवा तर पेपर वाचता वाचता म्हणाले की फार थंडीच्या देशात लिफ्टला तेल कुठलं घालत असतील कोण जाणे. मला उतारा पुरा करायचा होता, मी लक्षच दिलं नाही. चाळिशी ओलांडली की पुरुषांना असं काहीबाही सुचत असावं.

परीक्षा अठरा ऑगस्टला. भीती परीक्षेची नाही, ती मी मारते. त्यानंतर यांच्यासमोर उभं राहायचं आहे, त्याची आहे. 'नाही' म्हणाले तर मी जाणार नाही, एवढं तुला सांगून ठेवते. भांडून गेलेलं मला पचायचं नाही.

कळावे. लोभ चाळीसपैकी चाळीस असावा.

तुझी,
वहिनी


२१ जुलै

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, तू चौतीस उत्तरं ऐकलीस आणि घरातलं एकही ऐकलं नाहीस. मागचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मोठ्याने हसले. शेजारच्या काउंटरवरची मुलगी घाबरून बघायला आली.

उत्तर दुसऱ्या शब्दांत येतं, हे मी तुला कशासाठी शिकवलं? दाराला रबर ठोकणारा, मशीनची बटणं पाठ करणारा, आठवड्यातून दोनदा भाजी करपवणारा माणूस काय सांगतो आहे? आणि थंडीच्या देशातलं तेल त्याला कशाला हवंय, तुमच्या बिल्डिंगमध्ये बर्फ पडतो का? त्याला सगळं कळलंय, आणि तो तयारीला लागलाय. तो 'जा' म्हणेल म्हणून तू कान लावून बसलीस आणि तो रोज तेच दुसऱ्या शब्दांत म्हणत होता. सर्जनच्या आधी कात्री देतेस तशी तू त्याच्या आधी 'नाही' देऊन मोकळी झालीस.

मी गेले तेव्हाही तो महिनाभर गप्प होता, खरं आहे. पण इथे येऊन बॅग उघडली तर कपड्यांच्या खाली इथल्या भिंतींना चालणारे चार प्लग निघाले, त्याने हाताने बसवलेले. हे मी तुला कधी सांगितलं नाही, चुकलंच. दादा तोंडाने बोलत नाही, त्याचे हात बोलतात.

म्हणून आता चिंता सोड. त्याचा होकार आहे, मी सही करून देते. परीक्षेआधी विचारून डोक्याला ताप करून घेऊ नकोस. निकाल हातात घे आणि पेढ्यासारखा त्याच्या हातावर ठेव. मोकळ्या मनाने पेपर लिही.

लोभ तर आहेच, अठरा तारखेला तो तुझ्या शेजारच्या बाकावर बसलेला असेल.

तुझी,
धाकटी


२८ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ऐकणं आठ. वाचणं साडेसात. बाकी दोन्ही सात. तुझी वहिनी पास!

खोलीत बाकी सगळी विशीतली पोरं होती, मी एकटीच चष्मा लावून. टेप सुरू झाली आणि मला धीर आला. एक उत्तर सुटलं, ते सोडलं, पुढचं पकडलं. वाचण्यात मधमाश्यांवर उतारा होता आणि मधमाश्यांबद्दल मला काडीचंही माहीत नाही. याहून सोपा पेपर असूच शकत नाही.

निकाल काल आला. तू सांगितलंस तसा संध्याकाळी यांच्या हातावर ठेवला. मार्चपासूनचं सगळं कबूल केलं, तुझी पत्रंही वाचायला दिली. तुमचा होकार मला कळला होता, असंही म्हटलं. यांनी निकाल दोनदा वाचला, पत्रं एकदा. पाठीवर थाप दिली, म्हणाले की आठ म्हणजे मोठेच मार्क झाले. निघायचं कधी तेही विचारलं. सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. पण तेव्हापासून गप्प आहेत. आज मंगळवार नाही आणि शुक्रवारही नाही, तरी भाजी यांनीच केली, आणि चांगली झाली. वन्सं, मला कुठेतरी चुकल्यासारखं वाटतंय आणि काय चुकलं ते सापडत नाही.

लोभ असू दे. उत्तर लवकर दे.

तुझी,
वहिनी


३१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही, शुद्धलेखन सांभाळून घे. तुझ्या वहिनीने तीन दिवसांपूर्वी तुला निकाल कळवला आहे. हुशार आहेच ती, मला नवल वाटलं नाही.

लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडली ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. एका दारापलीकडचं मला ऐकू येणार नाही? बढतीच्या परीक्षेत कोणी भाड्याचं घर शोधत नाही आणि विमानतळावरून बस कुठे मिळते तेही विचारत नाही. जूनमध्येच कळलं मला. ती गेली की वर्षभर घर खायला उठेल. आणि तिने जावं, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे.

तुझी पत्रं वाचली. एकीने माझं 'नाही' ठरवलं. दुसरीने 'हो' ठरवून खाली सहीसुद्धा केली. तुझं बरोबर होतं, पण मला विचारलं कोणीच नाही. तू गेलीस तेव्हाही मला फक्त तारीख कळली होती. महिनाभर मी त्याच्यामुळे गप्प होतो. तुझं जाणं मला मान्य होतं. हे तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही, ती चूक माझी.

या वेळी मी जूनपासून हो तयार ठेवलं होतं. रोज जेवायला बसलो की वाटायचं, आज विचारेल.

आज सकाळी कामाला निघताना मी तिला म्हटलं की अजून वेळ गेलेली नाही, विचार. आधी ती हसली. मग तिचे डोळे भरून आले. मग हात पुसून समोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की मी जाऊ का. उत्तराची वाट बघत थांबली. मी हो म्हटलं.

कळावे. लोभ आहे तसा असावा, आणि विचारत असावं.

तुझा,
दादा