मांडीला बांधलेला पट्टा

दादा, परवा पौर्णिमेला मी विहारात सतरंजीवर बसले आणि उठले. यात काय एवढं, असं म्हणाल. सांगते.

माझी बायपास झाली. तुमचंच दुखणं माझ्याकडे आलं, बापाचं नाक लेकीकडं आलं तसंच. छातीचं कापलेलं हाड हळूहळू सांधत होतं, पण पडून पडून मांड्या पार वाळल्या. हातांवर जोर द्यायचा नाही अशी ताकीद. मग खाली बसलेलं माणूस उठणार कसं? विहारात मला मागं खुर्ची मिळाली. सगळ्या बाया खाली मांडी घालून, आणि मी उंचावर, परीक्षेला सुपरवायझर बसल्यासारखी. वंदनेला सगळ्यांची कपाळं जमिनीला टेकायची, माझी नुसती मान वाकायची. असा राग यायचा ना! काय वाट्टेल ते झालं तरी पुन्हा खाली बसायचंच, असं ठरवून टाकलं.

इथं नाशकातच हृदयाच्या पेशंटना व्यायाम शिकवतात, तिथं जायला लागले. एके दिवशी तिथल्या फिजिओ पोरीनं मांडीला रुंद पट्टा बांधून हवा भरली. मला वाटलं, बीपी घेतेय. बीपी घेताना बोलायचं नाही, हलायचं नाही, म्हणून मी आपली गप्प. ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. शेवटी म्हणाली, "मावशी, पाय उचला ना, कशाची वाट बघताय?" पट्ट्यानं रक्त अडवतात म्हटल्यावर मी उखडलेच. "अगं, रक्त अडलं म्हणून तर छाती उघडली माझी! तू पुन्हा अडवतेस होय?" ती खो खो हसली. "थोडंच अडवते, थोडाच वेळ. मग हलकं वजन उचललं तरी मांडीला वाटतं, लय जड काम पडलं. मांडीत ताकद येते, आणि हृदयावर मोठ्या वजनाचा ताण नाही." उचलला पाय. आई गं! मांडीत मिरचीची आग. तिला नाही नाही ते बोलत उचलत राहिले.

तेव्हा तुम्ही आठवलात. मनमाडचं रेल्वेचं क्वार्टर. दिवसभर रुळांवरून चालणारे गँगमन तुम्ही. मी तुमच्या मांडीवरून घसरगुंडी खेळायचे. तुम्हाला ॲटॅक आला, डॉक्टरांनी आराम सांगितला, त्या काळी तसंच सांगायचे, आणि आईनं त्याचा कायदाच केला. तुम्ही पाण्याच्या तांब्यासाठी उठता आणि ती चुलीपासून ओरडते, "बसा म्हणते ना! जीव नको झालाय का?" तुम्ही गपकन बसता. मग पाय चाचपून मला म्हणता, "हे पाय माझे नाय गं बाई. कोणीतरी बदलले." आपण दोघं हसतो. दादा, तुम्हाला त्या पोरीकडं न्यायला हवं होतं हो. तुम्ही तिला हसवून हसवून बेजार केलं असतं.

कित्येक आठवडे पट्टा बांधून पाय उचलले. परवा विहारात सून खुर्ची घेऊन आली. म्हटलं, राहू दे. बसले, कपाळ टेकलं, एक पाय रोवला आणि उठले. सुनेनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या बायांनी, भंतेजीसुद्धा हसले. मी लगेच त्या पोरीला फोन लावला, "हात टेकला नाही हं मी!"

हे पत्र कुठं धाडणार, म्हणून तुम्हाला खरं सांगते. उठताना शेजारणीच्या खांद्यावर हात टेकला होता. तिला वाटलं, मायेनं ठेवलाय. म्हणून घरी येऊन दार लावलं आणि एकटी पुन्हा खाली बसले. या वेळी कशालाच धरलं नाही. उठले, दादा. आणि उभ्या उभ्याच तुम्हाला मोठ्यानं हाक मारली.